आंबा घाटातली सीट: चामडं की व्हिनाइल?

प्रकरण एका शिक्षकांच्या बुलेटचं आहे. घर कोल्हापुरात, नोकरी आंबा घाटाखाली साखरप्याच्या बाजूला एका माध्यमिक शाळेत. सोमवारी पहाटे निघून घाट उतरायचा, आठवडाभर तिकडेच भाड्याच्या खोलीवर राहायचं आणि शनिवारी शाळा सुटली की घाट चढून घरी यायचं, असा त्यांचा क्रम. एका बाजूचं अंतर ऐंशीएक किलोमीटर. कोल्हापुरात असले की मागे कधी पत्नी, कधी आई. गाडी ३५० सीसीची. तिच्यावरची कंपनीची सीट काढून बाजारात मिळणारी, प्लास्टिकच्या तळाची लांब डबल सीट त्यांनी बसवून घेतली होती.

ती सीट तीन पावसाळ्यांत संपली. वरचं रेक्झिन कडक होऊन पायपिंगच्या, म्हणजे शिवणीवरच्या गोल कडपट्टीच्या, कडेने चिरलं. त्याच्याही आधीपासून एक त्रास चालू होता. पाऊस उघडून दोन दिवस झाले, वरून सीट कोरडी दिसत असली, तरी बसलं की पँट ओली व्हायची. सरांनी यावरून ठरवूनच टाकलं होतं की रेक्झिन ही वस्तूच खोटी. उद्यमनगरात माझ्या सीट शिवायच्या दुकानात आले तेव्हा मागणी तयार होती: "दादा, या वेळी रेक्झिन नको. खर्च होऊ दे, पण खरं चामडं लावा. आपल्या कोल्हापुरीसारखं, बदामी. आणि वरून डायमंड शिलाई."

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण अशी मागणी घेऊन येणारे बरेच असतात आणि त्यांचा प्रश्न जवळजवळ नेहमी "चामडं चांगलं की व्हिनाइल?" असाच असतो. व्हिनाइल म्हणजे आपण ज्याला रेक्झिन म्हणतो त्यातलाच एक प्रकार. त्या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. या गाडीला मात्र होतं, आणि ते मिळालं ते जुनी सीट उघडल्यावर आणि गाडी कुठे उभी असते हे विचारल्यावर.

जुनी सीट उघडली तेव्हा

साहित्यावर बोलण्याआधी जुनी सीट उघडायची, आणि शक्यतो गाडीमालकासमोरच उघडायची, ही माझी पद्धत. तळाच्या पिना काढायला घेतल्या तर निम्म्या गंजून पक्कडीतच मोडल्या. कव्हर उलटं केल्यावर पहिल्यांदा नजरेत भरला तो धागा. शिलाई सुती धाग्याची होती, आतून काळी पडलेली आणि नखाने ओढली तरी तुटणारी. पायपिंगच्या पोटातही सुती दोरी. ही दोरी सीटच्या सगळ्या कडेने फिरते. एका कोपऱ्यात पाणी शिरलं की ती ते शोषून पूर्ण कडेला पोचवते, आणि स्वतः लवकर वाळत नाही. फोम घमेल्यावर धरून पिळला तर पाणी गळालं. साधा, हलक्या घनतेचा फोम होता, बसायच्या जागी पार चेपलेला. फोम आणि कव्हर यांच्यामध्ये प्लास्टिकचा पडदा नव्हता. तळाला पाणी निघून जायला एक भोकही नव्हतं.

मग रेक्झिनकडे वळलो. बसायच्या जागेतला, जिथे शिवण नव्हती असा तुकडा कापला, त्याला खोलगट धरून त्यात पाणी ओतलं आणि तसाच बांधून ठेवला. तासाभराने खालची बाजू कोरडी होती. तसाच तुकडा शिवणीवरून कापला, तेव्हा काही मिनिटांतच खाली थेंब जमले.

सर हे सगळं बघत होते. रेक्झिन चांगलं नव्हतंच. वरचा प्लास्टिकचा थर पातळ, मागचं कापड विरलेलं, आणि उन्हाने ते तडकलं हेही खरं. पण पँट ओली होण्याचं कारण वेगळं होतं. पाणी शिरत होतं टाक्यांच्या भोकांतून, साठत होतं फोममध्ये, आणि माणूस बसला की दाबाने त्याच वाटेने वर येत होतं. हीच सीट, हाच धागा, हाच फोम ठेवून वर जगातलं महागातलं महाग चामडं लावलं असतं तरी पहिल्या पावसाळ्यात हाच प्रकार झाला असता. चामडं वाळायला वेळ घेतं, म्हणून कदाचित जास्तच.

इथे डायमंड शिलाईचा, म्हणजे शंकरपाळ्यासारख्या चौकटींच्या शिलाईचा, हिशेब मांडला. टाका चार मिलिमीटरचा धरला तर एका मीटरला अडीचशे भोकं पडतात. डबल सीटच्या माथ्यावर मध्यम आकाराचे डायमंड घातले की सहा-सात मीटर शिलाई सहज होते. म्हणजे जिथे माणूस बसतो आणि पाऊस थेट पडतो, नेमक्या त्या जागी दीड हजारांवर भोकं. शोभेसाठी ती शिलाई सुंदर दिसते, मी स्वतःही ती आवडीने करतो, पण ज्या गाड्या छपराखाली राहतात त्यांच्यावर. सरांनी फार ताणलं नाही, डायमंड तिथेच सुटला.

गाडी कुठे उभी असते

पावसात गाडी चालवताना सीटला फारसं काही सोसावं लागत नाही. बसायची जागा माणसाने झाकलेली असते आणि रेनकोटचं पाणी बाजूने निघून जातं. सरांचा प्रवास आठवड्याला दोन फेऱ्यांचा, मिळून पाच-सहा तास. उरलेल्या वेळात गाडी उभीच असते. म्हणून मी विचारलं, सोमवार ते शनिवार ती कुठे असते?

दिवसा शाळेच्या आवारात, उघड्यावर. रात्री खोलीच्या भिंतीला लागून, पाखाडीच्या कडेला. वर पत्रा आहे, पण गाडी अर्धी बाहेर राहते आणि पत्र्याच्या पागोळ्या पडतात त्या नेमक्या सीटच्या मागच्या भागावर. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. आंबा घाटाच्या पायथ्याशी जुलैमध्ये सलग आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. कोल्हापूर शहरात पाऊस त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, आणि तिथे गाडी घराच्या गॅरेजमध्ये. पण कोल्हापुरात ती असते दीड दिवस.

खरं सांगायचं तर निर्णय माझ्या डोक्यात इथेच झाला होता. तरीही चामड्याच्या बाजूने जे बोलता येतं ते सगळं बोलून झाल्याशिवाय सरांना व्हिनाइल घ्यायला लावणं बरोबर नव्हतं. ते चामड्याची ओढ घेऊन आले होते आणि त्या ओढीत चुकीचं काहीच नाही.

चामड्याची बाजू

चामडं घाम शोषतं. उन्हाळ्यात दोन-अडीच तास सलग बसल्यावर व्हिनाइलवर मांड्या चिकटतात, घामोळं येतं. चामड्यावर हे बरंच कमी होतं. कोरडं असताना त्याची पकड चांगली असते. वापराने ते फाटण्याऐवजी अंगाला येत जातं, रंग गहिरा होतो, आणि एखादी शिवण गेली तर पुन्हा शिवता येते. चांगलं चामडं निगेने ठेवलं तर दहा-पंधरा वर्षं सहज जातं. या प्रत्येक मुद्द्यावर सरांचं म्हणणं बरोबर होतं.

पण "कोल्हापुरीसारखं चामडं" म्हणजे काय, हे बघायला हवं. कोल्हापुरी चपलेचं कातडं वनस्पतीवर कमावलेलं असतं, बाभळीची साल आणि हिरडा वापरून. जुन्या पद्धतीत कातडं पिशवीसारखं शिवून त्यातच सालीचं पाणी भरून टांगत. हे कातडं जाड, ताठ आणि वरून कसलाही लेप नसलेलं असतं. त्याची बदामी छटा आणि वापराने येणारी झळाळी याच उघडेपणातून येते. पाणीही ते तितक्याच मोकळेपणाने पितं. म्हणून तर कोल्हापुरात पावसाळा लागला की कोल्हापुरी पायातून निघते आणि दसरा-दिवाळीपर्यंत बाहेर येत नाही. ज्या चपलेला आपण पंचगंगेकाठच्या पावसात नेत नाही, तिचं कातडं घाटाखाली चार महिने पागोळ्यांत ठेवायचं, हे सरांनाच बोलता बोलता पटेनासं झालं.

आणखी एक अडचण माहीत असलेली बरी. वनस्पतीवर कमावलेल्या कातड्यात टॅनिन, म्हणजे सालीतलं तुरट द्रव्य, असतं आणि ओलाव्यात लोखंडाला लागलं की ते काळं पडतं. जुन्या काळी शाई याच रासायनिक क्रियेतून करत. साध्या लोखंडी पिना मारल्या तर प्रत्येक पिनेभोवती काळा डाग उमटतो आणि तो जात नाही. अशा कातड्याला स्टेनलेस स्टीलच्याच पिना लागतात.

सीटसाठी योग्य ते क्रोमवर कमावलेलं चामडं. क्रोमियमच्या क्षारांनी कातड्यातल्या तंतूंची वीण घट्ट बांधली जाते. ओल्या अवस्थेतही ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता सोसतं. वनस्पतीवर कमावलेलं ७५ ते ८५ अंशांच्या दरम्यान आक्रसू लागतं. गडद सीट मे महिन्याच्या उन्हात किती तापते हे ज्याने तिच्यावर हात ठेवलाय त्याला विचारा. भिजलेलं कातडं कडक उन्हात वाळवलं की ताठ होतं. क्रोमचं चामडं मऊ राहतं, वर रंगद्रव्याचा लेप घेतं, आणि कारखान्यातच पिंपात फिरवताना जलरोधक द्रव्यं मुरवलेलं असलं तर पाणीही चांगलं झटकतं. मी गायीचं चामडं तमिळनाडूतल्या राणीपेट-आंबूर पट्ट्यातलं घेतो. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीवर ती नाही, पण म्हशीच्या चामड्याचा दाणा भरड, आणि सीटच्या वळणावर ते हवं तसं बसत नाही.

जाडी १.२ ते १.४ मिलिमीटर पुरते. त्याहून पातळ ताणावर सैल पडतं, जाड असेल तर कोपऱ्यात घडी बसत नाही. चामडं चौरस फुटावर मिळतं आणि कातड्याचा प्रत्येक भाग सारखा नसतो. पाठीकडचा भाग घट्ट, पोटाकडचा सैल. बसायच्या जागेला पोटाकडचा तुकडा लागला तर वर्षभरात तिथे सुरकुत्या आणि पिशवी पडते. डबल सीटला आठ-दहा चौरस फूट लागतं, पण पाठीचं तेवढं हवं म्हणून विकत जास्त घ्यावं लागतं. या सीटपुरता हिशेब केला तेव्हा चामड्याचा नुसता माल बोटींच्या सीटांसाठी बनणाऱ्या चांगल्या व्हिनाइलच्या तिपटीवर जात होता. मजुरीही वाढते, कारण चामड्यावर चुकलेला टाका उसवला तरी भोक राहतंच.

क्रोमच्या, लेप दिलेल्या, जलरोधक चामड्यालाही शिवण लागते, आणि पाणी शिवणीतून शिरतं हे आपण आधीच बघितलं. फरक त्यानंतर सुरू होतो. व्हिनाइल आतून भिजलं तर त्याला स्वतःला फारसं काही होत नाही. चामड्याची मांसाकडची बाजू लेपाशिवायची असते. ती आतून ओल घेते, आणि कोकणातल्या जुलैत तिला वाळायला हवाच मिळत नाही. चार-पाच दिवसांत पांढरी-हिरवी बुरशी धरते, तेलांश निघून जातो, आणि पावसाळ्यानंतर ऊन लागलं की तेच चामडं ताठ होऊन तडकतं. सरांची गाडी रोज संध्याकाळी पुसून छपराखाली घेतली जात असती तर मी चामड्याला नाही म्हटलं नसतं. कोल्हापूर-पुणे-सोलापूर पट्ट्यात झाकून ठेवलेल्या गाड्यांवर मी ते बिनदिक्कत लावतो.

व्हिनाइल निवडताना

आपण सरसकट ज्याला रेक्झिन म्हणतो त्यात निरनिराळ्या वस्तू येतात, आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. खरं व्हिनाइल म्हणजे विणलेल्या कापडावर पीव्हीसीचा थर. दुसरं पीयू, म्हणजे कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर. हाताला ते पीव्हीसीपेक्षा मऊ आणि चामड्याच्या जवळचं लागतं, म्हणून दुकानदार तेच पुढे करतात. बऱ्याच पीयूची दमट हवेत साखळी तुटत जाते आणि थर पापुद्र्यांनी सुटतो. कपाटात न वापरता ठेवलेल्या बुटांचा तळ भुसभुशीत होतो ते याच क्रियेने. कोकणातल्या सीटला साधं पीयू कधी लावू नये, असं माझं ठाम मत आहे. तिसरा प्रकार चामड्याचा भुगा दाबून, वर पीयू चढवून केलेला. तो चामड्याच्या नावाने विकला जातो आणि सगळ्यात आधी सोलतो.

ओळखायची सोपी खूण आहे. तांब्याची तार ज्योतीत लाल करायची, मालाच्या तुकड्याला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर मालात क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. पीयूला हिरवी ज्योत येत नाही. खरं चामडं जाळलं तर केस जळाल्याचा वास येतो. हे उघड्यावर, नखाएवढ्याच तुकड्यावर करावं, कारण पीव्हीसीचा धूर विषारी असतो. सरांनी स्वतः तार धरून बघितली. विज्ञानाचे शिक्षक आहेत, त्यांना त्यात रस होता.

पीव्हीसी मुळात कडक असतं. त्यात मुरवलेली तेलासारखी द्रव्यं त्याला मऊ ठेवतात. ऊन, उष्णता आणि पेट्रोल ही द्रव्यं बाहेर काढतात, मग व्हिनाइल कडक होऊन चिरतं. जुन्या सीटचं नेमकं हेच झालं होतं. बोटींच्या उघड्या सीटांसाठी जे व्हिनाइल बनतं त्यात ही द्रव्यं सहज न उडणारी असतात, अतिनील किरणांपासून आणि बुरशीपासून संरक्षण देणारी रसायनं घातलेली असतात, आणि मागचं कापड सुताऐवजी पॉलिस्टरचं असतं, त्यामुळे ते कुजत नाही. रोलच्या मागची बाजू बघावी, विणीचं कापड आहे की नुसता दाबलेला पिंजलेला थर, हे लगेच कळतं. तुकडा घट्ट दुमडून सोडावा. पांढरी रेघ राहिली तर तो माल घेऊ नये.

रंगावर मात्र आमची बरीच चर्चा झाली. सरांना बदामीच हवा होता. फिक्या व्हिनाइलवर नव्या जीन्सचा निळा रंग बसतो आणि तो मळासारखा वरच्यावर राहत नाही, त्या मऊ ठेवणाऱ्या द्रव्यांबरोबर आत मुरतो. साबणाने निघत नाही, आणि तीव्र द्रव वापरला तर वरचा थर जातो. शेवटी गडद तपकिरी ठरला. काळ्यापेक्षा उन्हात थोडा कमी तापतो आणि निळे डाग लपवतो.

मागच्या सीटचा विचार वेगळा करावा लागला. सरांची आई इरकल नेसते आणि एका बाजूला पाय सोडून बसते. गुळगुळीत व्हिनाइलवर असं बसलेलं माणूस ब्रेक लागला की पुढे सरकतं, ओलं असेल तर जास्तच. म्हणून बसायच्या जागेला खरखरीत दाण्याचं व्हिनाइल घेतलं, आणि दोघांच्या जागेमध्ये फोमचा उंचवटा नेहमीपेक्षा जास्त ठेवला. डॅशबोर्ड चमकवायचं सिलिकॉनचं पॉलिश सीटला लावू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो. चमक येते, पण मागे बसलेल्याचा जीव धोक्यात येतो.

पर्यावरणाचा मुद्दा सरांनी काढला. क्रोमच्या कारखान्यांचं सांडपाणी नद्यांना काय करतं हे कानपूरच्या गंगेने दाखवलंय, आणि पीव्हीसी हे शेवटी न कुजणारं प्लास्टिक. दोन्ही हात स्वच्छ नाहीत. जी सीट तीन वर्षांत कचऱ्यात जाणार नाही ती त्यातल्या त्यात बरी, इतकंच मी म्हणू शकलो.

सीट कशी बांधली

माथा एकाच अखंड तुकड्याचा घेतला, बसायच्या जागेवर एकही टाका नाही. शिवण फक्त माथा आणि बाजूची पट्टी जिथे मिळतात तिथे, आणि तीही कडेवरून खाली, उभ्या बाजूवर उतरवली. वरचा तुकडा खालच्यावर कौलांसारखा येईल असा दुमड ठेवला, म्हणजे वाहत आलेलं पाणी शिवणीवरून खाली जातं, आत वळत नाही. धागा बाँडेड पॉलिस्टरचा. नायलॉन मजबूत असतो, पण उन्हात पॉलिस्टर जास्त टिकतो. पायपिंगमधली दोरी प्लास्टिकची. शिवणीच्या आतल्या बाजूला व्हिनाइलचीच पट्टी सोल्युशनने चिकटवून भोकं बंद केली.

फोम नवा घेतला, ४० घनतेचा, आणि त्याच्यावर प्लास्टिकचा पातळ पडदा गुंडाळला. हा पडदा चहूबाजूंनी हवाबंद करायचा नसतो. माणूस बसला की फोममधली हवा कुठून तरी बाहेर पडली पाहिजे, नाहीतर सीट फुग्यासारखी लागते आणि उठल्यावर शिवणीतून हवेबरोबर पाणी आत ओढते. म्हणून तळाकडे तो मोकळा ठेवला आणि तळाला सगळ्यात खोल जागी भोकं पाडली. पिना स्टेनलेसच्या. व्हिनाइल गरम हवेच्या बंदुकीने हलकं तापवून कोपऱ्यांवर ताणलं. जास्त तापवलं तर दाणा पुसला जातो आणि नेमकी पकड जाते.

उन्हाळ्यातल्या घामासाठी वरून घालायचं जाळीचं सुटं कव्हर दिलं. ते पावसाळ्यात काढायचं.

पावसाळ्यानंतर

दसऱ्याच्या आधी गाडी धुवायला काढली तेव्हा सर सीट घेऊन आले. मागचा कोपरा, जिथे पागोळ्या पडत होत्या, तिथल्या पिना काढून हात घातला. फोम कोरडा होता. तळाच्या भोकांजवळ मातीचा ओघळ होता, म्हणजे थोडं पाणी आलं आणि निघून गेलं. व्हिनाइलच्या मागे बुरशी नव्हती. पँट ओली झाली नाही, हे सरांनी दारातून आत येतानाच सांगितलं होतं.

एक गोष्ट मात्र बिघडत होती. टाकीकडच्या टोकाला तळहाताएवढा भाग इतर सीटपेक्षा कडक लागत होता. साखरप्याला पंपावर टाकी काठोकाठ भरून घ्यायची सरांना सवय आहे, आणि सांडलेलं पेट्रोल ओघळून सीटच्या नाकावर येतं. त्या टोकाचा तुकडा आता वेगळा, बदलता येईल असा करायचं ठरलं. तोवर टाकी दोन बोटं कमी भरायची आणि सांडलंच तर लगेच पाण्याने पुसायचं.

चामड्याची गोष्ट त्यांनी सोडली नव्हती, आणि सोडावी असं मलाही वाटत नव्हतं. गाडीबरोबर आलेली कंपनीची मूळ सीट घरात पडून होती. दिवाळी ते मे या कोरड्या महिन्यांसाठी तिच्या पुढच्या भागाला चामडं घालायचं, पावसाळी सीट चार बोल्ट काढून बदलायची, असं आम्ही ठरवलं. क्रोमचं, १.३ मिलिमीटरचं, पाठीकडचं, हलका लेप असलेलं बदामी चामडं आणलं. इथे लेप जाड नको, कारण जाड लेपाखाली रंग गहिरा होत नाही आणि सरांना हवी होती ती गोष्टच हरवते. टाका पाच मिलिमीटरचा ठेवला. चामड्यावर टाके जवळजवळ घातले की तिकिटाच्या कडेसारखी रेघ तयार होते आणि ताण आला की तिथूनच फाटतं.

ही सीट मृगाच्या आधी काढायची. ओल्या फडक्याने पुसून सावलीत पूर्ण वाळवायची, आतून-बाहेरून कोरडी झाल्यावरच चामडं मऊ ठेवणाऱ्या कंडिशनरचा पातळ हात द्यायचा आणि सुती कापडात गुंडाळून, हवा लागेल अशा फळीवर ठेवायची. प्लास्टिकच्या पिशवीत घालायची नाही, ओल आत कोंडते. कंडिशनर वर्षातून दोनदा पुरतं, जास्त लावलं तर ते शिवणीतून पँटला लागतं.